थंडीतली चूल, शेगडी आणि बंब: धुराशिवाय ऊब कशी मिळवायची

निफाडचा पारा पाच अंशांखाली उतरला, सातपुड्यात आणि चिखलदऱ्यात दव गोठायला लागलं, की घरोघरी एकच तयारी दिसते. पहाटे बंब पेटतो, संध्याकाळी सगळं घर चुलीपुढे येऊन बसतं, रात्री खोलीत निखाऱ्यांची शेगडी येते आणि घरात बाळंतीण असेल तर बाजेखाली शेक ठेवला जातो. उन्हाळ्यात दार उघडं टाकून अंगणात झोपणारं घर थंडीत दार-खिडक्या लावून घेतं. धूर तेवढाच निघतो, पण बाहेर जायची वाट बंद झालेली असते. वर थंडीत सकाळ-संध्याकाळ जमिनीलगतची हवा गार आणि तिच्या वरची उबदार असल्यामुळे बाहेर गेलेला धूरही वर चढत नाही, वस्तीवरच तरंगत राहतो.

पुढचं सगळं एका गोष्टीवर उभं आहे. आपल्याकडच्या कौलारू, पत्र्याच्या किंवा कुडाच्या घरात आग खोली तापवत नाही. गरम हवा कौलांच्या फटींतून निघून जाते. आपल्याला लागते ती आगीची समोरून येणारी आच, आणि ती दोन-तीन हातांपलीकडे फारशी पोचत नाही. म्हणूनच चुलीपुढे बसलं की तोंड भाजतं आणि पाठ गारच राहते. धूर मात्र खोलीच्या चारही कोपऱ्यांत पोचतो, पाळण्यातही जातो. त्यामुळे जिथे जमेल तिथे आग घराबाहेर काढायची आणि ऊब थेट अंगाला द्यायची. जिथे आगीला पर्यायच नाही, तिथे ती नीट जाळायची.

धुरातलं काय बाधतं

डोळ्यांत पाणी आणणारा धूर त्रासदायक असतो, पण खरं नुकसान करतात ते न दिसणारे कण. लाकडाच्या धुरातले बहुतेक कण एक मायक्रोमीटरपेक्षाही लहान असतात. आपला केस साधारण पन्नास ते सत्तर मायक्रोमीटर जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या. नाकातले केस आणि घशातला ओलावा मोठी धूळ अडवतात. अडीच मायक्रोमीटरच्या आतले कण, म्हणजे बातम्यांत येणारे पीएम २.५, थेट फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत जातात. तिथे सूज येते, कफ बाहेर ढकलणारी सूक्ष्म लव मंदावते आणि जंतूंना मोकळं रान मिळतं. सूज फुप्फुसापुरती राहत नाही. रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते, रक्तवाहिन्या कडक होतात, म्हणून घरातल्या धुराचा संबंध हृदयविकार आणि पक्षाघाताशीही आहे. लहान मुलांत न्यूमोनिया, गरोदरपणात कमी वजनाचं बाळ, चाळिशी-पन्नाशीनंतर मोतीबिंदू आणि दम्यासारखी वाटणारी पण दमा नसलेली सीओपीडी, म्हणजे श्वासाच्या वाटा कायमच्या अरुंद होण्याचा आजार, हे या धुराचे ठळक परिणाम. बिडीला कधी हात न लावलेल्या बाईला पन्नाशीत जिना चढताना धाप लागते, तेव्हा तिने चुलीपुढे किती वर्षं काढली हे आधी विचारलं पाहिजे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली पीएम २.५ साठी चोवीस तासांची सरासरी घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम अशी मर्यादा सुचवली. भारताचं मानक ६० आहे. स्वयंपाक चालू असताना धुराडं नसलेल्या चुलीजवळ हा आकडा शेकड्यांत असतो, कधी हजारांतही जातो. लाकडाच्या घरगुती धुराला कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात ठेवलं आहे, तर घरात जाळलेल्या दगडी कोळशाच्या धुराला निश्चित कर्करोगकारक म्हटलं आहे.

यंत्राशिवाय धूर पाहायचा असेल तर रात्री खोलीतले दिवे बंद करा आणि टॉर्चचा झोत आडवा धरा. स्वच्छ हवेत झोताची वाट जवळजवळ दिसत नाही, फक्त समोरच्या भिंतीवर गोल पडतो. चूल विझून तासभर झाल्यावरही झोत पांढऱ्या दांड्यासारखा दिसत असेल, तर तेच कण तुम्ही झोपेत घेत आहात. दुसरी खूण भांड्याच्या बुडाशी असते. काजळी म्हणजे न जळता वाया गेलेलं सरपण. भांडं जितकं काळं, तितका धूर जास्त.

आधी सरपण

धूर कमी करण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे लाकूड वाळवणं, आणि त्याकडेच सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. लाकूड तापलं की त्याच्या वजनाचा मोठा भाग आधी वायू होऊन बाहेर पडतो. ज्वाळ दिसते ती या वायूची. तो पूर्ण जळायला सहाशे अंशांच्या वर उष्णता लागते. लाकूड ओलं असेल तर ती मिळत नाही आणि न जळलेला वायू थंड होऊन धुराचे कण बनतो. नुकत्याच तोडलेल्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. म्हणजे असं किलोभर लाकूड चुलीत घातलं, की आधी अर्धा लिटर पाणी उकळून उडवायचं आणि मग उरलेल्या लाकडावर भाकरी भाजायची.

ओलावा वीस टक्क्यांच्या खाली आला पाहिजे. त्यासाठी फेब्रुवारी-मार्चमध्ये लाकूड तोडून लगेच फोडा. साल असलेला अख्खा ओंडका महिनोन्‌महिने आतून ओला राहतो, पण मनगटाएवढ्या जाडीचे फाके केले की विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात दोन-तीन महिन्यांत वाळतात. थर जमिनीवर रचू नका, खाली विटा किंवा दोन आडवी लाकडं घेऊन वीतभर उंच रचा. फाक्यांची तोंडं वाऱ्याकडे मोकळी ठेवा. पावसाआधी झाकायचं ते फक्त वरून. चारही बाजूंनी प्लॅस्टिक गुंडाळलं की आतल्या आत वाफ धरते आणि बुरशी लागते, ही नेहमीची चूक.

वाळलं की नाही हे ओळखायला दोन फाके एकमेकांवर आपटा. सुक्याचा आवाज टणक येतो, ओल्याचा बद्द. टोकाला ताऱ्यासारख्या भेगा पडलेल्या असतात आणि साल नखाने सुटते. अगदी खात्री हवी असेल तर एका फाक्यावर खूण करून दर आठवड्याला तो दुकानातल्या काट्यावर तोला. दोन आठवडे वजन उतरलं नाही, म्हणजे झालं. पेटवल्यावर टोकातून फेस किंवा सूंसूं आवाज आला, तर ते लाकूड परत उन्हात टाका.

तुरीच्या तुराट्या, पऱ्हाट्या, मक्याची बुरकुंडं आणि करवंट्या लवकर पेटतात. पेटवण म्हणून त्या उत्तम, पण मूठभरच घाला. एकदम पेंढी घातली तर ज्वाळेला हवा पुरत नाही आणि काळा लोट येतो. गोवरी हळू धुमसते, राख फार करते आणि धूरही फार देते. ती जाळायचीच असेल तर घराबाहेर. काही गोष्टी चुलीत, बंबात, शेकोटीतही नकोतच: रंग दिलेलं लाकूड, प्लायवूड आणि त्याचे तुकडे, सायकलची ट्यूब, दुधाच्या पिशव्या, औषधांचे रिकामे डबे. प्लायच्या डिंकातून फॉर्मल्डिहाइड हा विषारी वायू निघतो आणि पीव्हीसीसारख्या प्लॅस्टिकमधून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ व डायॉक्सिन नावाची विषारी रसायनं. पेटवायला पिशवी टाकायची सवय खूप घरांत आहे. तिच्याऐवजी सुकी साल, काथ्या किंवा वाळलेलं चिपाड वापरा.

पेटवणं आणि चालू ठेवणं

लाकूड राखेवर लोळत असेल तर त्याला खालून हवा मिळत नाही. चुलीत दोन इंच उंचीवर लोखंडी जाळी किंवा सळ्यांचे तुकडे आडवे बसवा आणि त्यांच्याखालची राख रोज काढा. एवढ्यानेही धुरात फरक दिसतो. सुरुवात बोटाएवढ्या काड्यांनी करा, ज्वाळ धरली की अंगठ्याएवढी आणि मगच जाड लाकडं लावा. दोन-तीन फाके पुरतात, त्यांच्यामध्ये बोटभर फट ठेवा. फक्त टोक जळू द्या आणि जळेल तसं आत सरकवत राहा. तोंड गच्च भरलेली चूल जोरात जळते असं वाटतं, पण तिच्यात लाकूड शिजत असतं, जळत नसतं.

स्वयंपाक उरकल्यावरची वेळ सगळ्यात वाईट. ज्वाळ गेलेली असते, कोलीत धुमसत असतं आणि ते तसंच सोडून सगळे जेवायला बसतात. कोलीत बाहेर ओढून मातीत किंवा कोरड्या वाळूच्या डब्यात खुपसा, वर झाकण ठेवा. दुसऱ्या दिवशी तेच पहिलं पेटतं. सकाळसाठी विस्तव राखेत पुरून ठेवायची रीत जुनी आहे, पण चूल झोपायच्या खोलीत असेल तर एका काडीची बचत करताना रात्रभर विषारी वायू सोडला जातो. तो वायू कोणता, ते शेगडीच्या भागात सविस्तर येईल.

चूल, झरोका, धुराडं

गरम धूर आधी छताला जातो, तिथे साठतो आणि थंड होत खाली उतरतो. उतरता उतरता तो बसलेल्या माणसाच्या नाकापर्यंत येतो. त्यामुळे कमरेच्या उंचीची खिडकी उघडल्याने फारसं साधत नाही. वाट वर हवी. जुन्या माळवदाच्या घरांना छतात साणं, म्हणजे उघडं भोक, असायचं, ते याच कामाचं. पुढे कितीतरी घरांत ते पावसाच्या भीतीने लिंपून टाकलं गेलं. ते उघडा आणि वर पत्र्याची छत्री करा. कौलारू घरात चुलीच्या बरोबर वरची दोन कौलं विटेच्या तुकड्यावर उचलून ठेवा किंवा भिंतीत छपरालगत फूटभर लांब-रुंद झरोका काढा. समोरच्या बाजूला दार चार बोटं उघडं राहू द्या. खालून हवा आत आली नाही, तर वरून धूर जात नाही.

धुराडं केलंत तर त्याचा व्यास तीन-चार इंच ठेवा आणि तोंड छपरापेक्षा निदान दोन फूट वर न्या. आखूड धुराड्यात वारा उलटा शिरतो आणि धूर चुलीच्या तोंडातून घरात येतो. वर छत्री लावा, पण छत्री आणि पाइप यांत वीतभर अंतर राहू द्या. आडवी वळणं टाळा, प्रत्येक वळणाला काजळी साठते. गवताच्या छपरातून उघडा पत्र्याचा पाइप कधीही नेऊ नका; विटा-मातीच्या भिंतीतून बाहेर काढून मग उभा करा. थंडीत महिन्यातून एकदा दोरीला काथ्याचा बोळा बांधून तो वरून खाली ओढा. ओलं लाकूड जाळणाऱ्या घरात धुराड्याच्या आत डांबरासारखा चकचकीत थर बसतो. तो पेट घेतो आणि मग धुराडंच मशालीसारखं जळतं.

धुराडं म्हणजे सगळं झालं, असं मात्र नाही. ग्वातेमालाच्या सान मार्कोस भागात धुराड्याच्या चुलीची काटेकोर चाचणी झाली होती, तिचे निष्कर्ष २०११ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. मुलांच्या वाट्याचा कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे धुरातला विषारी वायू, निम्म्याने घटला, तीव्र न्यूमोनिया साधारण एक तृतीयांशाने कमी झाला, पण एकूण न्यूमोनियात तितकी ठाम घट दिसली नाही. निम्मा धूरही पुष्कळ असतो. त्यात धुराड्यातून गेलेला धूर शेजारच्या खिडकीतून परत घरात येतो. म्हणून गॅस किंवा विजेची शेगडी परवडत असेल, तर चूल सुधारण्यापेक्षा ती कमी वेळा पेटवणं जास्त फायद्याचं. उज्ज्वलाचं सिलिंडर पाहुण्यांच्या चहासाठी राखून ठेवू नका. ज्या खोलीत लहान मूल आहे, त्या खोलीतल्या रोजच्या स्वयंपाकाला ते आधी वापरा.

बंब

बंबाची रचना चांगली आहे. मधल्या नळीतून आग जाते, भोवती पाणी असतं, त्यामुळे तीन दगडांवरच्या हंड्यापेक्षा सरपण कमी लागतं. वीस लिटर पाणी वीस अंशांवरून पंचेचाळीसवर न्यायला अर्ध्या युनिटाहून थोडी जास्त वीज किंवा ऐंशी-नव्वद ग्रॅम गॅस पुरतो. सुक्या लाकडाचा बंब असेल तर साधारण अर्धा किलो, उघड्या चुलीवर त्याच्या दीडपट-दुप्पट. तुमच्या बंबाला याहून बरंच जास्त लागत असेल, तर दोष बहुधा नळीत, जाळीत किंवा सरपणात असतो.

नळीच्या आत काजळीचा थर बसला की उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही आणि ओढही मंदावते. आठवड्यातून एकदा दोरीला बांधलेला काथ्याचा बोळा वर-खाली फिरवा. जाळीखालची राख रोज काढा. पाणी भरल्याशिवाय कधीच पेटवू नका, जोडांची झाळ वितळते आणि बंब गळायला लागतो. नळीच्या तोंडावर दुधाचं किंवा डाळीचं पातेलं ठेवायची सवय असेल तर खाली तीन खडे घालून दोन बोटं फट ठेवा. तोंड बंद झालं की ओढ थांबते आणि सगळा धूर खालच्या दारातून बाहेर येतो. ‘बंब धुरावलाय’ अशी तक्रार पुष्कळदा त्या पातेल्यामुळेच असते.

बंब न्हाणीघरात पेटवायचा नाही. अंगणात, खिडकीपासून दूर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला पेटवा आणि पाणी बादलीने आत न्या. हवेशीर नसलेल्या न्हाणीतला गॅस गिझरही तेवढाच घातक आहे, त्याच्यामुळे आंघोळीला गेलेली माणसं आतच बेशुद्ध पडली आहेत. जमत असेल तर मुलांची आंघोळ पहाटेऐवजी दुपारी बाराच्या सुमारास करा. काळा रंग दिलेला पत्र्याचा पिंप सकाळपासून उन्हात ठेवला की दुपारपर्यंत पाण्याची गारठ मोडलेली असते, आणि तोपर्यंत वस्तीवरचा धूरही विरलेला असतो.

शेगडी: न दिसणारा धोका

आतापर्यंत कणांबद्दल बोललो. निखाऱ्यांचं प्रकरण वेगळं आहे. लालभडक निखाऱ्यांना धूर नसतो, म्हणूनच ते खोलीत आणले जातात. पण निखारे कार्बन मोनॉक्साइड सोडतात. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तात प्राणवायू वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपट जास्त घट्ट चिकटतो.

किलोभर लाकडी कोळसा जळताना सुमारे दोनशे ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड निघू शकतो. दहा बाय दहाची, दहा फूट उंचीची खोली म्हणजे अठ्ठावीस घनमीटर हवा. दार-खिडक्या गच्च लावून फक्त शंभर ग्रॅम कोळसा जळला, तरी हवेत घनमीटरला सातशे मिलिग्रॅमच्या आसपास वायू साठतो. एका तासासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा पस्तीस मिलिग्रॅम आहे. शंभर ग्रॅम म्हणजे ओंजळभरही नाही.

त्यामुळे शेगडी, घमेलं, निखाऱ्यांचं कुठलंही भांडं झोपायच्या खोलीत ठेवून झोपू नका. ‘बाहेर पेटवून धूर गेल्यावर आत आणली’ याने काही फरक पडत नाही, कण कमी होतात, हा वायू होत नाही. खाली गादीवर झोपल्याने वाचू, हाही समज चुकीचा. या वायूची घनता हवेच्या जवळपास असते, तो खोलीभर सारखा पसरतो. जागेपणी शेकायचंच असेल तर समोरासमोरच्या दोन वाटा उघड्या ठेवा आणि अंथरूण टाकायच्या आधी शेगडी घराबाहेर न्या. ती विझलेली दिसली तरी राखेखाली तासन्‌तास विस्तव असतो.

लक्षणं पुढच्या क्रमाने येतात: डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ, हातपाय गळणं, गुंगी. घरातल्या दोघा-तिघांना एकाच वेळी डोकेदुखी सुरू झाली आणि बाहेर गेल्यावर ती उतरली, तर संशय इथेच घ्या. माणसाला आधी उघड्यावर आणा, मग १०८ ला फोन करा. आत जाणाऱ्याने श्वास रोखून दार-खिडक्या उघडाव्यात आणि तिथे रेंगाळू नये. दवाखान्यात पोचताच ‘खोलीत शेगडी होती’ हे पहिलं वाक्य असू द्या. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर या विषबाधेत फसवतो, अठ्ठ्याण्णव-नव्याण्णव दाखवतो, कारण त्याला हिमोग्लोबिनवर कोण बसलंय यातला फरक कळत नाही. त्यासाठी रक्ताची वेगळी तपासणी असते. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कने पूर्ण प्राणवायू दिला तर तास-दीड तास. गरोदर बाईला बरं वाटत असलं तरी तिला दवाखान्यात न्याच, पोटातल्या बाळाच्या रक्तातून तो आणखी उशिरा निघतो.

बाळंतिणीची खोली

या खोलीबद्दल बोलताना घरच्या मोठ्या बायकांशी हळुवारपणे बोलावं लागतं, कारण शेक-शेगडीमागे माया असते. बाजेखाली निखारे, त्यावर ओवा, शेपा, वावडिंग, धूप, लसणाच्या साली. आंघोळीनंतर बाळाला धुरीवर धरणं. दार बंद, खिडकीला गोधडी. बाळंतिणीला ऊब हवीच, नवजात बाळाला तर ती औषधाइतकी हवी. पण नवजात बाळ मिनिटाला चाळीस ते साठ श्वास घेतं, मोठं माणूस बारा ते वीस. त्याच खोलीतला तोच धूर बाळ आपल्या अंगाच्या मानाने कितीतरी जास्त ओढतं, आणि तेही चोवीस तास. ओवा-शेपाने वास चांगला येतो, धुरातले कण कमी होत नाहीत.

म्हणून ऊब ठेवा, आग काढा. बाळाला आईच्या उघड्या छातीवर, त्वचेला त्वचा लागेल असं उभं ठेवा, वरून लुगडं किंवा शाल बांधा. कमी वजनाच्या बाळासाठी दवाखान्यातही हेच करतात. डोक्याला कुंची किंवा टोपडं, पायात मोजे. बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं, तिथून बरीच ऊब जाते. बाळ ओलं राहू देऊ नका, लंगोट लगेच बदला. कडाक्याच्या थंडीत रोज न्हाऊ घालायची गरज नाही, कोमट पाण्याने पुसलं तरी चालतं, आणि नाळ पडेपर्यंत तर पुसणंच बरं. खोलीचं दार वाऱ्याच्या झोतापासून आडोशाला असावं, पण छपराजवळचा झरोका उघडा राहू द्या.

आईच्या कंबरेचा शेक स्वयंपाकघरातून येऊ शकतो. तव्यावर वाळू किंवा जाडं मीठ पाच-सात मिनिटं परता, दुहेरी सुती कापडात पुरचुंडी बांधा, आधी स्वतःच्या मनगटावर लावून पाहा आणि मग शेका. ओवा हवाच असेल तर तो या पुरचुंडीत घाला. वासही येतो, धूर होत नाही. रबरी पिशवीत उकळतं पाणी भरायचं नाही, गरम पाणी तीनपैकी दोन भागच भरा, उरलेली हवा दाबून काढा आणि टॉवेलात गुंडाळा. हे सगळं आईसाठी. बाळाच्या अंगाला पिशवी, वीट, पुरचुंडी लावू नका, त्याची त्वचा क्षणात भाजते.

याच खोलीत डासांची कॉइल असेल तर तीही काढा. एक कॉइल जळताना निघणारे सूक्ष्मकण ७५ ते १३७ सिगारेटींइतके मोजले गेले आहेत. मच्छरदाणी लावा.

रात्रीची ऊब अंगाला

पांघरुणाइतकंच महत्त्व अंथरुणाला आहे. शेणाने सारवलेली किंवा फरशीची जमीन रात्रभर अंगातली ऊब ओढून घेते. खाली भाताचा पेंढा भरलेली पोती, त्यावर गोणपाट, त्यावर वाकळ घातली की वरच्या एका घोंगडीतही निभतं. एका जाड पांघरुणापेक्षा दोन पातळ गोधड्या बऱ्या, कारण मधली हवा ऊब धरते. कानटोपी आणि कोरडे मोजे घालून झोपा, दिवसभर घामेजलेले कपडे बदलून. कुडाच्या भिंतीच्या खालच्या फटी शेणमातीने बुजवा, वरचा झरोका बुजवू नका. म्हाताऱ्या माणसांना आणि मधुमेह्यांना पायाशी गरम पिशवी देताना जास्त जपा. पायाची जाणीव कमी झालेली असते, भाजल्याचं सकाळी कळतं.

शेकोटीला सुकं लाकूड घ्या, पाचोळा नको. वाऱ्याकडे पाठ करून धूर आपल्यापासून दूर जाईल अशा बाजूला बसा, आणि मांडीवर तान्हं मूल असेल तर शेकोटीला बसूच नका. तोंडावर पदर, रुमाल, ओलं फडकं यांनी हे कण अडत नाहीत. नीट बसवलेला एन-९५ मास्क कण अडवतो, पण कार्बन मोनॉक्साइड त्यातूनही आत जातो.

डॉक्टरकडे कधी

लहान मूल खोकत असेल तर ते शांत किंवा झोपलेलं असताना पोटावरचा कपडा वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे साठ किंवा जास्त, दोन महिने ते वर्षाच्या आत पन्नास किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे चाळीस किंवा जास्त भरले, तर त्याच दिवशी दवाखाना. तान्ह्या बाळाचे साठ भरले तर लगेच पुन्हा एकदा मोजा, त्यांचा श्वास मधूनच बदलतो. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेने गावातल्या आरोग्यदूतांना हेच मोजायला शिकवलं, आणि बालन्यूमोनियाने होणारे मृत्यू त्यातून घटल्याचं १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, मूल दूध ओढत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा अंग गार पडत असेल, तर मोजत बसू नका, निघा. पोटाला चटके देणं, डाग देणं याने न्यूमोनिया जात नाही. जखम होते आणि हातातला वेळ जातो.

मोठ्यांमध्ये दोन-तीन महिने टिकणारा कफाचा खोकला, पूर्वी सहज चालायच्या वाटेवर धाप, रात्री छातीत शीळ वाजणं, यापैकी काहीही असेल तर स्पायरोमेट्री करून घ्या. पूर्ण श्वास भरून नळीत जोरात आणि निदान सहा सेकंद फुंकायचं असतं. पहिल्या सेकंदात बाहेर आलेली हवा एकूण हवेच्या सत्तर टक्क्यांपेक्षा कमी भरली, आणि औषधाचा फवारा घेतल्यावरही तशीच राहिली, तर ती सीओपीडी असू शकते. डॉक्टर ‘सिगारेट ओढता का’ विचारतील. ‘नाही’ म्हणून थांबू नका. चुलीपुढे रोज किती तास आणि किती वर्षं, झोपायच्या खोलीत शेगडी असते का, सरपण कोणतं, धुराडं आहे का, हे एका कागदावर लिहून घेऊन जा. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकीची क्षयरोगासाठी तपासणीही त्याच फेरीत करून घ्या, सरकारी दवाखान्यात ती मोफत होते.